लाँग कोविड: पहिले काही महिने कसे काढायचे

ताप उतरला, टेस्ट निगेटिव्ह आली, रजाही संपली. तरी आंघोळ झाल्यावर कपडे घालायच्या आधी पलंगावर टेकावं लागतंय. पेपरातली एकच ओळ तीन-तीनदा वाचावी लागते. जिन्यात दम लागतो, नुसतं उभं राहिलं तरी छातीत धडधडतं, रात्रभर झोपूनही झोप झाल्यासारखं वाटत नाही. रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल, आणि घरात हळूहळू ‘आता किती दिवस आजारपण धरून बसायचं’ असा सूर लागायला लागलाय. या फेऱ्यात जो नव्याने सापडलाय त्याच्यासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी हे लिहितोय. माझ्या मोठ्या बहिणीला दुसऱ्या लाटेनंतर हे दुखणं लागलं. तेव्हा जे आम्हाला कुणी एका जागी सांगितलं नाही, ते इथे एकत्र मांडायचा प्रयत्न आहे.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या: हा खरा आजार आहे. मे २०२० मध्ये एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्वशास्त्रज्ञ बाईंनी स्वतःच्या आजाराबद्दल लिहिताना ‘लाँग कोविड’ हे नाव वापरलं आणि ते जगभर रुजलं. म्हणजे हा त्रास रुग्णांनी आधी ओळखला, वैद्यकशास्त्र मागून आलं. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याची व्याख्या केली: कोविड झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी दिसणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने उलगडा न होणारी लक्षणं. भारताच्या आरोग्य मंत्रालयानेही त्याच महिन्यात कोविडनंतरच्या त्रासांवर डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ‘असं काही नसतं हो’ म्हणणारे डॉक्टर भेटले तर हे शांतपणे सांगता येतं.

आपल्याकडे घरच्यांना पटवायला चिकनगुनियाचं उदाहरण पुरतं. ताप आठवड्यात जातो, पण सांधे कित्येकांचे महिनोन्‌महिने धरलेले राहतात, आणि त्याला कुणी नाटक म्हणत नाही. विषाणू गेल्यावर शरीर मागे रेंगाळतं हे आपण पाहिलेलं आहे. कोविडनंतर नेमकं काय बिघडतं याचं एकच एक उत्तर अजून मिळालेलं नाही. शरीरात उरलेले विषाणूचे अंश, भडकलेली प्रतिकारशक्ती, नाडी आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या मज्जासंस्थेतला बिघाड, पेशींमधली ऊर्जानिर्मिती मंदावणं, अशा अनेक बाजूंनी संशोधन चालू आहे. पहिला कोविड सौम्य होता, दवाखान्यात ॲडमिट व्हावं लागलं नव्हतं, म्हणून लाँग कोविड होत नाही असं मुळीच नाही.

पहिलं काम: दुसरं काही नाही ना, हे तपासून घेणं

प्रत्येक थकवा लाँग कोविडचा नसतो. आपल्याकडे तर थकव्याची नेहमीची कारणं घरोघरी आहेत: हिमोग्लोबिन कमी, बी१२ कमी, थायरॉइड, साखर. म्हणून फॅमिली डॉक्टरांकडून सीबीसी, फेरिटिन, बी१२, ड जीवनसत्त्व, टीएसएच, एचबीएवनसी, किडनी-लिव्हरच्या तपासण्या, ईसीजी आणि छातीचा एक्स-रे एवढं करून घ्या. बाकीच्या महागड्या तपासण्या लक्षणं पाहून डॉक्टर सांगतील तेव्हाच. पॅकेजच्या जाहिराती पाहून पैसे घालवू नका.

तीन गोष्टी मुद्दाम सांगतो, कारण त्या निसटतात. खोकला दोन आठवड्यांहून जास्त चालला असेल, संध्याकाळी कणकण येत असेल, वजन उतरत असेल, तर थुंकीची टीबीसाठी तपासणी करा; सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. कोविडमध्ये स्टेरॉइड दिली गेली असतील तर साखर पुन्हा तपासा. आणि स्टेरॉइडनंतर काही आठवड्यांनी जांघेत किंवा खुब्यात दुखायला लागलं, मांडी घालून बसता येईना, तर ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून देऊ नका. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटण्याचे, म्हणजे ॲव्हॅस्क्युलर नेक्रोसिसचे असे रुग्ण मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०२१ मध्येच नोंदवले होते. त्यासाठी एमआरआय लागतो, आणि तो लवकर झाला तर उपचाराला वाव राहतो.

छातीत दाबल्यासारखं दुखणं, बसल्या जागी वाढत जाणारा दम, ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली टिकून राहिलेला आकडा, एकाच पायाला आलेली सूज आणि दुखणं, शुद्ध हरपणं, बोलताना जीभ जड होणं किंवा एका बाजूची ताकद जाणं, यांतलं काहीही झालं तर हा लेख बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन लावा. (ऑक्सिमीटर लावताना नेलपॉलिश काढलेली आणि बोटं गरम असावीत, नाहीतर आकडा फसवा येतो.)

डॉक्टरांकडे जाताना एक कागद लिहून न्या. कोविड कधी झाला, तेव्हा कोणती औषधं घेतली, आता सर्वांत जास्त नडणारी तीनच लक्षणं कोणती, आणि आधी काय जमायचं जे आता जमत नाही. ‘खूप थकवा येतो’ यातून डॉक्टरांना फारसं कळत नाही. ‘आधी तीन जिने चढून घरी यायचे, आता पहिल्या मजल्यावर बसावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी उठता येत नाही’ यातून कळतं. सोबत कुणाला तरी न्या, कारण ऐन वेळी शब्द आठवत नाहीत.

क्रॅश ओळखायला शिकणं

सगळ्या लेखातलं एकच लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. लाँग कोविडच्या पुष्कळ रुग्णांत एक विचित्र प्रकार असतो: श्रम केल्यावर त्रास लगेच होत नाही, तो उशिरा येतो. बारा तासांनी, दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी माणूस कोसळतो. अंग ठणकतं, घसा दुखतो, डोकं चालत नाही, उजेड आणि आवाज सोसत नाही, आणि ते दिवसच्या दिवस टिकतं. डॉक्टर याला पोस्ट एक्झर्शनल मलेज किंवा पीईएम म्हणतात, रुग्ण क्रॅश म्हणतात.

त्या वर्षीच्या गणपतीत ताईला बरं वाटत होतं. उकड काढली, ओट्याशी उभं राहून मोदक वळले, आरतीला टाळ वाजवला, संध्याकाळी आलेल्यांशी गप्पा मारल्या. आम्ही सगळे खूश. दुसऱ्या दिवशी जरा गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिला फोन कानाशी धरता येईना. उशीवर ठेवून स्पीकरवर बोलत होती. मोदकांचा आणि त्या फोनचा संबंध आमच्यातल्या कुणालाच लागला नाही. ‘काल तर काहीच केलं नाहीस, मग आज काय झालं?’ हाच प्रश्न सगळे विचारत होते.

हा संबंध लावायचं साधन म्हणजे वही. साधी शाळेची वही घ्या आणि दोन आठवडे रोज चार ओळी लिहा: उठल्यावर, अंथरुणातच मोजलेली नाडी, झोप कशी लागली, दिवसभरात काय केलं, आणि रात्री त्रास शून्य ते दहामध्ये किती. ‘काय केलं’ यात शरीराच्या कामाइतकंच डोक्याचं आणि मनाचं काम लिहायचं. बँकेतली रांग, तासभराचा व्हिडिओ कॉल, मुलांचा अभ्यास घेणं, घरातलं भांडण, मयताला जाऊन येणं, सगळं. बायकांनी पाळीची तारीखही लिहावी. पाळीच्या आधीच्या दिवसांत त्रास वाढतो असं बऱ्याच जणी सांगतात. मग वही उलटी वाचायची: वाईट दिवस शोधायचा आणि त्याच्या आदल्या दोन दिवसांत काय झालं होतं ते पाहायचं. बहुतेकांना तिथे नमुना दिसतो.

नमुना दिसला तर तुमची वाट वेगळी आहे. दिसला नाही, श्रमानंतर साधा थकवा येतो आणि रात्रीच्या झोपेने तो जातो, तर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हळूहळू व्यायाम वाढवणं तुम्हाला बहुधा मानवेल. पुढचे दोन भाग मुख्यतः पहिल्या गटासाठी आहेत.

थकायच्या आधी थांबणं

याला पेसिंग म्हणतात. ज्या गावात नळाला एक दिवसाआड पाणी येतं, तिथली बाई टाकी भरलेली दिसली म्हणून घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायला काढत नाही. उद्या पाणी नाही हे तिला माहीत असतं. चांगल्या दिवशी आपल्यालाही हेच करायचंय, आणि तेच सर्वांत अवघड जातं, कारण चांगला दिवस उजाडला की तुंबलेली कामं डोळ्यांपुढे नाचायला लागतात.

वहीवरून अंदाज घ्या: क्रॅश न येता किती जमतं? सुरुवातीला त्याच्याही थोडं खालीच राहा. ही पातळी तुम्हाला लाजिरवाणी कमी वाटेल. वाटू द्या. कामाचे तुकडे करा. दहा-पंधरा मिनिटं काम, मग तेवढाच वेळ आडवं पडणं, मग पुढचा तुकडा. मोबाइलवर अलार्म लावा आणि तो वाजला की भाजी अर्धी चिरलेली असली तरी सुरी खाली ठेवा. विश्रांती म्हणजे डोळे मिटून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पडणं. रील्स बघत पडणं ही मेंदूला विश्रांती नाही.

आता घरातली कामं. आंघोळ हे मोठं काम आहे हे धडधाकट माणसाला कळत नाही: उकाडा, गरम पाणी, उभं राहणं, वाकणं, हात वर करणं, सगळं एकाच वेळी. मोरीत प्लास्टिकचं स्टूल ठेवा, पाणी कोमट घ्या, केस वेगळ्या दिवशी धुवा, आणि आंघोळीनंतर दुसरं काम ठेवू नका. भारतीय पद्धतीच्या संडासात उठाबस झेपत नसेल तर वर ठेवायची खुर्ची मेडिकल दुकानात मिळते. पोळ्यांचं पोळपाट ओट्यावरून टेबलावर आणा आणि बसून लाटा. कणीक दुसऱ्या कुणीतरी मळावी किंवा पोळ्या बाहेरून घ्याव्यात. पोळीवाल्या मावशी लावणं ही चैन नाही, औषधाच्या खर्चासारखाच हा खर्च आहे. कुकरमध्ये वरण-भात-भाजी एकदम लावा. कपडे वाळत घालताना हात खांद्याच्या वर जातात आणि नाडी उसळते, म्हणून ते काम सोडाच. उंच दोरीऐवजी बुटका स्टँड वापरला तर घरातलं लहान मूलही ते करेल.

सणवार, लग्नं, पाहुणे यांचं काय? पूर्ण टाळलं तर माणूस एकटा पडतो. मी म्हणेन, एक निवडा. लग्नाला जायचं तर अक्षता पडायच्या वेळी जाऊन तासाभरात परत यायचं, हळदीला नाही. आधीचा एक दिवस आणि नंतरचे दोन दिवस मोकळे ठेवायचे. दिवाळीचा फराळ विकत आणायचा. पाहुण्यांना घरच्यांनीच आधी सांगून ठेवायचं की ती अर्धा तास बसेल आणि मग आत जाईल. हे आजारी माणसाला स्वतःला सांगावं लागलं की त्यातच निम्मी शक्ती जाते.

हातात फिटनेस बँड असेल तर नाडीचा आधार घेता येतो. अमेरिकेतलं वर्कवेल फाउंडेशन या प्रकारच्या रुग्णांना सुचवतं की पूर्ण विश्रांतीतल्या नाडीत १५ मिळवा आणि शक्यतो त्या आकड्याच्या आत राहा. म्हणजे सकाळची नाडी ७० असेल तर ८५. सुरुवातीला दात घासतानाही आकडा ओलांडला जातो. घाबरू नका, थांबून बसा, खाली आला की पुढे. नाडी कमी ठेवणारी औषधं चालू असतील तर हा हिशेब लागू पडत नाही.

‘जरा चालायला जा, बरं वाटेल’

हा सल्ला प्रेमाने दिला जातो, आणि क्रॅश येणाऱ्या माणसाला तो नुकसान करू शकतो. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लाँग कोविडच्या रुग्णांना सायकल चालवायला लावून आधी आणि नंतर मांडीच्या स्नायूचे तुकडे तपासले. श्रमानंतर स्नायूंमधली इजा वाढलेली आणि पेशींची ऊर्जानिर्मिती उतरलेली दिसली. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये एमई/सीएफएस या दीर्घकाळ टिकणाऱ्या थकव्याच्या, लाँग कोविडला जवळच्या आजारासाठी ठरावीक पायऱ्यांनी व्यायाम वाढवत नेण्याची शिफारस काढून टाकली. लाँग कोविडमध्ये ज्यांना क्रॅश येतात त्यांच्यातले बरेच जण या आजाराच्या निकषांत बसतात. घरातल्या हौशी सल्लागारांना हे वाचून दाखवा.

म्हणजे कायम पडून राहायचं का? नाही. आधी स्थिर व्हायचं. दोन-तीन आठवडे क्रॅश न येता गेले की एकच गोष्ट किंचित वाढवायची: गॅलरीपर्यंत चालत असाल तर लिफ्टपर्यंत. आठवडाभर तीच ठेवायची. वही पाहायची. त्रास झाला तर मागे यायचं, त्यात हार नाही. अंथरुणात पडल्या पडल्या घोटे हलवणं, गुडघे वाकवणं, मग बसून हात-पाय ताणणं, असा क्रम ठेवा. सूर्यनमस्कार, जिम, टेकडी हे बऱ्याच पुढचं. फिजिओथेरपिस्ट निवडताना थेट विचारा, ‘पीईएमचे रुग्ण पाहिलेत का?’ आणि जो ‘थोडं जोर लावा, सवय होईल’ म्हणतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

उभं राहिलं की धडधड

बसून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी, छातीत धडधड, पाय जड, डोकं बधिर, आणि आडवं पडलं की बरं: हे असेल तर पॉट्स नावाचा प्रकार तपासायला हवा. प्राथमिक अंदाज घरी घेता येतो. दहा मिनिटं शांत पडून नाडी आणि रक्तदाब मोजा. मग भिंतीला पाठ टेकवून, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे ठेवून न हलता उभे राहा आणि दहा मिनिटं दर मिनिटाला नाडी लिहा. प्रौढ माणसात रक्तदाब न पडता नाडी ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. शेजारी कुणीतरी उभं हवंच, आणि चक्कर आली तर चाचणी तिथेच सोडा. ज्यांना फार जोरात क्रॅश येतात त्यांनी घरी हा खटाटोप करू नये.

यावर बरेच साधे उपाय आहेत. दिवसभरात दोन ते तीन लिटर पाणी, त्यात ओआरएस, मीठ घातलेलं ताक, लिंबू सरबत. ब्लड प्रेशर, हृदय किंवा किडनीचा विकार असेल तर मीठ आणि पाणी डॉक्टरांना विचारूनच वाढवायचं. उठायच्या आधी पोटऱ्या दाबून-सोडून घ्यायच्या, मिनिटभर कडेला बसायचं, मग उभं राहायचं. कमरेपर्यंतचे घट्ट स्टॉकिंग्ज उपयोगी पडतात, पण नागपूरच्या मे महिन्यात ते घालवत नाहीत; तिथे सकाळची थंड वेळ कामाची आणि दुपार आडवं पडायची, एवढं तरी पाळा. एका वेळी भरपेट जेवण्यापेक्षा थोडं थोडं खा. हरतालिकेसारखे निर्जळी उपवास या काळात करू नका. एवढ्याने भागलं नाही तर प्रोप्रॅनोलॉल, इव्हाब्रॅडिनसारखी औषधं डॉक्टर देतात. स्वतःहून घेऊ नका, विशेषतः दमा असेल तर.

दम, डोकं, झोप

ऑक्सिजन नीट असूनही दम लागत असेल तर श्वास घ्यायची पद्धत बिघडलेली असू शकते. छातीच्या वरच्या भागातून, तोंडाने, भराभर. उताणे पडून एक हात पोटावर ठेवा, नाकाने श्वास घेताना तो हात वर यावा, मग ओठ शिट्टीसारखे करून सावकाश सोडा. दिवसातून दोन-तीनदा, काही मिनिटंच. अनुलोम-विलोम संथपणे जमत असेल तर ठीक. कपालभाती आणि भस्त्रिका सध्या नकोत. थोडं चालल्यावर ऑक्सिजनचा आकडा तीन किंवा जास्त अंकांनी उतरत असेल तर फुप्फुसाची तपासणी करून घ्या.

डोक्यावरच्या धुक्यासाठी एका वेळी एकच काम, सगळं लिहून ठेवणं, आणि अवघड कामं दिवसाच्या चांगल्या तासात. गोळ्यांसाठी वारांचे खण असलेला डबा आणा. दूध गॅसवर ठेवून त्याच खोलीत थांबा. गाडी चालवताना रस्ता चुकत असाल किंवा सिग्नल उशिरा कळत असेल तर चावी दुसऱ्याकडे द्या.

झोपेचं सांगायचं तर उठायची वेळ ठरलेली ठेवा, दुपारी चारनंतर चहा नको. घोरणं आणि श्वास अडकणं असेल तर तपासून घ्या.

वास गेला असेल तर

याला घरगुती आणि अभ्यासलेला उपाय आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये वासाच्या सरावावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असे चार वास होते. आपल्या घरात हे सगळं मिळतं. चार छोट्या झाकणाच्या बाटल्या घ्या. एकीत गुलाबाचं अत्तर लावलेला कापूस, एकीत लिंबाची ताजी साल, एकीत ठेचलेल्या लवंगा, एकीत निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब. सकाळी आणि रात्री प्रत्येक बाटली वीसेक सेकंद हळुवार हुंगायची. जोरात ओढायचं नाही. हुंगताना तो वास कसा होता ते आठवायचा प्रयत्न करायचा, आणि बाटल्यांमध्ये थोडा वेळ सोडायचा. किमान तीन महिने नेटाने करा. काहींना त्याहून बराच जास्त काळ लागतो.

वास परत येताना काही काळ उलटासुलटा येतो. कांदा, लसूण, कॉफी, तळण यांचा वास सडल्यासारखा किंवा जळल्यासारखा वाटतो. तो त्रासदायक असला तरी नसा पुन्हा जोडल्या जात असताना असं होतं. या काळात गरम, फोडणीचं अन्न नकोसं होतं, म्हणून दहीभात, गार थालीपीठ, फळं, काकडीची कोशिंबीर असं खा, आणि फोडणी देताना त्या माणसाने स्वयंपाकघरात थांबू नये.

वास येत नसेल तर गॅसची गळती कळत नाही, हे कुणी सांगत नाही. सिलिंडरच्या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन घातलेलं असतं. ते तुमच्या नाकाला लागणार नाही. रात्री रेग्युलेटर बंद करा, गॅस गळती सांगणारं छोटं यंत्र बसवा, दूध आणि उरलेलं अन्न यांवर तारीख लिहा, आणि एकटे राहत असाल तर शेजाऱ्यांना हे सांगून ठेवा.

औषधं, आणि औषधांचे दावे

लाँग कोविड मुळापासून बरा करणारं सिद्ध झालेलं एक औषध आज नाही. कोविडवरचं पॅक्सलोव्हिड पंधरा दिवस देऊन पाहिलेल्या अमेरिकेतल्या चाचणीत लाँग कोविडच्या लक्षणांत फायदा दिसला नाही. ते निष्कर्ष २०२४ मध्ये आले. त्यामुळे ‘सहा आठवड्यांत हमखास’ म्हणून हजारो रुपये मागणाऱ्या कुणावरही, मग तो कुठल्याही पॅथीचा असो, विश्वास ठेवू नका. लेबल नसलेली चूर्णं आणि पुड्या तर अजिबात नकोत, त्यांत काय मिसळलंय ते कळायला मार्ग नसतो. पण एकेका लक्षणावर उपचार नक्की आहेत: पॉट्सवर, अर्धशिशीवर, झोपेवर, ॲलर्जीसारख्या त्रासावर. एका वेळी एकच नवं औषध सुरू करा, म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल. दवाखान्यापर्यंत जाणंच झेपत नसेल तर सरकारच्या ई-संजीवनीवर घरून, मोफत डॉक्टरांशी बोलता येतं.

मन खचतं. एवढे महिने गेल्यावर ते खचणारच, आणि त्याचा अर्थ आजार मनाचा आहे असा होत नाही. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येतं. जगणं नको वाटत असेल तर आजच फोन करा आणि घरात एकाला तरी सांगा.

नोकरी

पूर्ण बरं होऊन मग कामावर जाऊ, असं ठरवलं तर काहींची नोकरी जाते, आणि घाईने गेलं तर तब्येत जाते. डॉक्टरांकडून लेखी पत्र घ्या आणि त्यात नेमक्या सवलती लिहून घ्या: काही दिवस घरून काम, गर्दीची लोकल टाळता येईल अशी वेळ, बसून करायचं काम, मध्ये आडवं पडायला वीस मिनिटं, सुरुवातीला अर्धा दिवस. ‘हलकं काम द्यावं’ एवढ्याने साहेबाला काही कळत नाही. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू असेल, म्हणजे पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि वर्गणीची अट पूर्ण होत असेल, तर आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. अमेरिकेने जुलै २०२१ मध्ये लाँग कोविडला अपंगत्व कायद्याखाली संरक्षण मिळू शकतं असं जाहीर केलं. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत हा आजार नाही, आणि तो असायला हवा असं मला मनापासून वाटतं. तोवर ऑफिसातलं सगळं लेखी ठेवा.

पुन्हा आजारी पडलात तर

बरेच जण पहिल्या वर्षात सुधारतात, काहींना त्याहून जास्त वेळ लागतो, आणि सुधारणा सरळ रेषेत होत नाही. मधेच पुन्हा कोविड झाला तर घडी विस्कटू शकते. म्हणून गर्दीत, दवाखान्यात, बंद एसी हॉलमध्ये एन९५ मास्क लावा, घरात खिडक्या उघड्या ठेवा, लसीबद्दल डॉक्टरांशी बोला. घरात कुणाला सर्दी-ताप असेल तर त्याची खोली वेगळी. डेंग्यू, फ्लू, चिकनगुनिया, अगदी दात काढणं झालं तरी ताप उतरल्या दिवशी जुन्या पातळीवर उडी मारू नका. वही पुन्हा उघडा, पहिल्या आठवड्यात जेवढं करत होता त्यावर या, आणि तिथून एकेक गोष्ट वाढवा.